बचत गटाची बाई

मेहरूण, जळगाव
२७ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. हेमांगीस,

आशीर्वाद. मी घरी पोचलो. पाडव्याच्या रात्रीच पोचलो होतो, पण तू विचारलं नाहीस म्हणून आज पाच दिवसांनी कळवतोय. तब्येत बरी आहे. शेजारच्या बेबाबाईंनी शेव-चिवडा आणून दिला, अजून पुरतोय. थंडी पडायला लागली आहे. तिकडे धुळ्याला जास्त असेल.

फोन केला की "पप्पा, नंतर करते" म्हणून ठेवून देतेस. म्हणून लिहितोय. हे सगळं वाच, अर्ध्यात घडी घालून कपाटात टाकू नकोस.

मी सहा बाहुल्या आणल्या होत्या, तुमच्या घरातल्या एकेकाची एकेक. वीतभर उंचीच्या. दिवाळीला रिकाम्या हाताने लेकीकडे कसं जायचं, आणि मिठाईचे डबे तुमच्याकडे ढिगाने येतात, म्हणून गणपती उठल्यापासून बसलो होतो. प्रत्येकासाठी मापाचा वेगळा कागद कापला. व्याह्यांच्या काखेत वर्तमानपत्राची घडी दिली. स्वप्नीलरावांच्या बाहुल्याला पोट काढलं, तेही खऱ्यापेक्षा थोडं कमी. विहीणबाईंच्या चष्म्यासाठी तांब्याची तार वाकवली, पाच वेळा बिघडली. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली असते, तसा पांढरा दोरासुद्धा गुंडाळला.

त्यांनी ती हातात घेतली आणि केवढ्यांदा हसल्या! "अगं बाई, हा तर माझाच चष्मा! कोणी केली हो?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू म्हणालीस, "पप्पांनी जळगावच्या बचत गटाकडून आणल्यात. तिथली एक बाई शिवते."

"मग तिला हा दोरा कसा कळला?"

"मी फोटो पाठवला होता ना, आई."

एका दमात दोनदा खोटं बोललीस, हेमांगी. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. विहीणबाई मला म्हणाल्या, "व्याहीबुवा, त्या बाईंचा नंबर द्या मला." आणि मी म्हणालो, "देतो." पुरणपोळी वाढलीस ती मी गिळली. चव सांगता येणार नाही.

स्वयंपाकघरात मला बाजूला घेऊन काय बोललीस, आठवतं? "पप्पा, तुम्ही फॅक्टरीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झालात. इथे मी तेच सांगितलंय. पुरुषासारखा पुरुष बाहुल्या शिवत बसतो म्हटलं तर ह्यांचे मित्र हसतील." मी दोन दिवस राहणार होतो. पिशवी उचलली आणि निघालो. "पप्पांना काम आहे," हेही तूच सांगितलंस. तिसरं खोटं.

मी चोरी केली का? वरणगावच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं मालाच्या तपासणीला होतो, केसाएवढा फरक माझ्या नजरेतून सुटला नाही, त्याचा तुला अभिमान. त्याच नजरेने बाहुलीचा डोळा काढला तर त्याची लाज? सासरच्या दिवाणखान्यात बापाची बाई करून टाकलीस! बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी हातातलं तिकीट चुरगाळत बसलो. शेजारच्या माणसाने विचारलं, "बाबा, बरं वाटत नाही का?" त्याला मी काय सांगू?

इथपर्यंत काल लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती, "ही लाज तू कुठून शिकलीस?" ती लिहिली आणि पेन ठेवला. मग ते पान फाडलं. पुन्हा लिहून काढताना ती ओळ गाळली होती. आता टाकतोय, कारण उत्तर मला माहीत आहे आणि तुलाही.

तू सातवीत होतीस. क्वार्टरमध्ये आमच्या साहेबांच्या पत्नी हळदीकुंकवाला आल्या होत्या. फळीवर तुझ्या आईच्या, नूतनच्या, बाहुल्या होत्या. त्यांनी विचारलं, "किती सुंदर! कुठून घेतल्या?" मी म्हणालो, "भुसावळच्या बाजारातून." नूतन पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं. तू कोपऱ्यात गृहपाठ करत होतीस, तूही ऐकलंस. घरी आपली बायको चिंध्या शिवते हे साहेबाच्या बायकोला कळू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी नूतनने शिलाई मशीनवर चादर टाकली. ती चादर अकरा वर्षं निघाली नाही, मी रिटायर होऊन आपण इथे येईपर्यंत. बेबाबाईंनी पुन्हा मशीनवर बसवलं तिला.

पुढचं तुला अर्धंच ठाऊक आहे. दिवाळीच्या साठ बाहुल्यांची ऑर्डर तिने घेतली आणि लकव्याने तिचा उजवा हात गेला. ती ऑर्डर परत करायला निघाली होती. बेबाबाई मला म्हणाल्या, "भाऊ, आते बठ्ठं तुमनाच हातमा शे." सगळं माझ्याच हातात, तर मी सुई धरली. नूतन शेजारी बसून ओरडायची, "नाक खाली गेलं. उसवा." साठच्या साठ झाल्या. नंतर दीड वर्ष रोज आम्ही शेजारी बसलो. भुसावळच्या बाजाराचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही. रोज वाटायचं, उद्या बोलू. चैत्रात ती गेली.

आज सकाळी विहीणबाईंना मी फोन केला. म्हटलं, बाई-बिई कोणी नाही, मीच शिवतो. त्या म्हणाल्या, "मला कळलं होतं. जेवताना तुमच्या बोटांवर सुईने टोचलेली भोकं पाहिली मी." मग विचारलं, "पण व्याहीबुवा, तुम्ही गप्प का बसलात?"

तुझं नाव मी घेतलं नाही. त्यांनीही घेतलं नाही. त्यांच्यासमोर आता तू कशी उभी राहशील ते तू बघ, मी सोडवायला येणार नाही.

येत्या रविवारी इथे हस्तकलेचं प्रदर्शन आहे. एक टेबल मिळालं आहे. मागे मी बसणार, आणि कोणी विचारलं तर नूतनचं नाव आधी सांगणार, मग माझं. ये म्हणत नाही. राग गेलेला नाही, आणि तो सगळा तुझ्यावरचा नाही हे कळूनही कमी होत नाही. पण तू अजून चौतिशीची आहेस. मी माफी मागायला थांबलो, आणि ज्याची मागायची ते माणूसच राहिलं नाही. तेवढं थांबू नकोस.

तुझ्या आईला एकदा नाकारणारा आणि तिच्याकडूनच शिकलेला,
तुझा बाप
जीवराम