पांढऱ्या टाइलवरची हळद

मॅडम, तुम्ही गेलात तेव्हा चाकणच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी असायची. आता कंपन्या उभ्या आहेत आणि रस्त्यात आम्ही. त्यातल्याच एका कंपनीत मी रंगाच्या लॅबचा प्रमुख झालोय. मोटारींचे बंपर रंगवतो आम्ही. प्रमुख म्हणजे मीटिंगमध्ये काही बिघडलं की ज्याच्याकडे सगळे आधी बघतात, तो.

तुमची पिंपरीतली लॅब आठवते. माझा पहिलाच आठवडा. रंग मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरचं झाकण काढून तुम्ही उभ्या आहात, हातात चहा, आणि विचारताय, "यात पांढरं काय ते कोण ठरवतं?" मी म्हणालो, "यंत्र." तुम्ही कप खाली ठेवलात. "यंत्राला पांढरं-काळं कळत नाही रे. हा दिवा बघ. याचा उजेड या पोकळ गोळ्यात शिरतो, आतल्या पांढऱ्या लेपावर आपटून सगळीकडे सारखा पसरतो आणि रंगवलेल्या पत्र्यावर पडतो. पत्रा त्यातला थोडा गिळतो, थोडा परत करतो. परत आलेला उजेड या ग्रेटिंगवर, म्हणजे अगदी बारीक रेघांच्या आरशावर पडला, की त्यातले रंग सुटे होतात. पुढे डिटेक्टरची रांग. प्रत्येकाच्या वाट्याला आपापला रंग. जेवढा उजेड, तेवढी वीज. पण जेवढा म्हणजे कशाच्या मानाने? तर या टाइलच्या." ती पांढरी टाइल मी कौतुकाने उचलायला गेलो, तर हातावर चापट. "बोट लावशील तर खबरदार! रोज सकाळी यंत्र हिच्याकडे बघून पांढरं शिकतं. ही मळली, की त्याचं सगळं जग मळलं. आणि त्याला ते कळणारही नाही."

यंदा खंडेनवमीला आमच्या प्लांट हेडना भक्तीचा उमाळा आला. एरवी कॉम्प्रेसरला झेंडूचा हार घालून, नारळ फोडून, पेढा खाऊन माणसं मोकळी होतात. यंदा साहेब लॅबमध्ये आले, मागे फोटो काढणारे. यंत्राला हार झाला. शेजारी टाइल उघडी होती. एवढी गोरी, चकचकीत वस्तू बघून साहेबांचं बोट थांबेना. ओली हळद, वर कुंकू, चांगलं ठसठशीत. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. ते गेल्यावर मी फडक्याने सगळं पुसलं, ट्यूबच्या उजेडात टाइल पांढरी दिसली म्हणून डबीत ठेवली आणि पेढा खायला गेलो.

हळद निळा उजेड गिळते, हे तुम्हाला काय सांगायचं! यंत्राने त्या किंचित पिवळट टाइललाच पांढरं मानलं आणि त्याला चांगला पांढरा बंपर निळसर दिसायला लागला. आमचा रंग मिसळणारा माणूस लातूरकडचा, कुरुळीत खोली घेऊन बायको-मुलीसह राहतो. त्याला लॅबमधून आकडे गेले, त्याने इमानाने रंगात पिवळा वाढवला. आकडे झकास आले. बंपर गिऱ्हाइकाकडे गेले, गाड्यांना लागले, गाड्या उन्हात आल्या: अंग पांढरं, तोंडाला कावीळ. सगळा माल परत.

मग मीटिंग. मूळ कारण सापडेपर्यंत 'का?' असं पाच वेळा विचारायची आमच्याकडे शास्त्रीय पद्धत आहे. पाचव्या 'का'ला नेमका सगळ्यात कमी पगाराचा माणूस सापडतो. प्लांट हेड म्हणाले, "राव, पिवळा कुणी ओतला? त्यानेच ना? मग कशाला लांबवताय? सोमवारी त्याला गेटवरूनच परत पाठवा." मी पाणी प्यायलो. बाहेर तो उभाच होता. "सर, मशीन निळं म्हणायलंय, म्हणून मी पिवळं टाकलं. मशीनचं ऐकायचं नसतंय तर आधी सांगायचं ना! आता घरी काय सांगू?" मी म्हणालो, "बघतो मी." बघण्यात आपला हात कोण धरणार!

काल शनिवारी खरंच बघितलं. टाइल खिडकीत नेऊन उन्हात धरली आणि पिवळी झाक दिसली. शहाण्या माणसाने चार जणांना बोलावलं असतं. मी काय केलं? तुम्ही शिकवलं होतं तशी ती नीट स्वच्छ केली! आता यंत्र चोख चालतंय, टाइल निष्कलंक आहे, आणि हळद तिथे होती याला माझ्या शब्दापलीकडे काही उरलेलं नाही. तो शब्द उच्चारायचा, तर साहेबांचं बोट सांगावं लागणार, आणि माझं फडकंही.

उद्या सोमवार. सकाळपासून साहेबांना मेल लिहायला बसतोय आणि 'आदरणीय'च्या पुढे सरकत नाही. तुम्हाला मात्र पानभर सरसर लिहून झालं. मेलेल्या माणसाला लिहिताना प्रत कुणाला पाठवावी लागत नाही, हे त्यातलं सुख. शेवटी लिहिणार होतो की तुम्ही असतात तर मी बोललो असतो. ते खोटं आहे. तुम्ही होतात तेव्हाही तुम्हीच बोलायचात. मी तुमच्या मागे उभा राहून मान हलवायचो आणि लोक मला तुमचा शिष्य म्हणायचे.

हे लिहीत असताना कुरुळीहून दोनदा फोन आला. मी उचलला नाही.