गर्दीतली पाठमोरी

रवि., ९ नोव्हें.
सकाळी मार्केट यार्डाबाहेर कापसाच्या गाड्यांच्या रांगेचा फोटो घेतला. पार रेल्वे गेटापर्यंत होती. बाभळीच्या काट्यांना कापूस लटकलेला, एक ड्रायव्हर टपावर बसून दाढी करत होता. दुपारी माझ्या पेजवर टाकला आणि तासाभरात लोक सुरू झाले. रविवारचा खेळ. मी गर्दीचा फोटो टाकायचा, ज्यानं त्यानं स्वतःला शोधून लाल गोल करून परत पाठवायचा. पोळ्यापासून मीच लावलं हे वेड. आज भजेवाल्यानं स्वतःच्या कढईलाच गोल केला. म्हणे मी मागं वाकलेलो, कढई माहीच हाय.
उजव्या कोपऱ्यात प्रज्ञा. पाठमोरी, पिवळी बॅग. आमच्या गावच्या पहिल्या बसमधून उतरून अभ्यासिकेकडं जाते ती. त्याच वेळेला उजेड चांगला असतो, असं मी स्वतःला सांगतो.

सोम., १० नोव्हें.
स्टुडिओत मुश्ताकभाई कालचा फोटो मोठा करून बघत बसले. मी इथं तालुक्याला त्यांच्याकडं कामाला, लग्नं आणि पासपोर्ट. म्हणाले, "बेटा, इतनी गाड़ियाँ, इतने आदमी, और फोकस किस पे है? एक बॅगपे." मी म्हणालो हात हलला. "हाथ नहीं, कुछ और हिला तेरा." आणि हसले. मीपण हसलो. नंतर मागचे सगळे रविवार उघडून बघितले. पोळा, विसर्जन, दिवाळीचा बाजार, बसस्टँड. ती सगळ्यांत आहे. सगळीकडं तीच एकटी साफ.

बुध., १२ नोव्हें.
पेजवर कुणीतरी लिहिलं. नाव नाही, फोटोच्या जागी वाघ. "भाऊ, हे पिवळी बॅगवाली दर रविवारी असते, पण तिले कोणी गोल करत नाही. कोण हाय बे?" खाली हसणारी तोंडं. कुणी लिहिलं, शोधा रे. कुणी लिहिलं, ॲडमिनले विचारा.
कमेंट काढून टाकावी तर जास्त दिसेल. ठेवली.
जेवण गेलं नाही. एवढ्याशा गोष्टीला घाबरतो काय साल्या, असं म्हणून पाहिलं. उपयोग नाही. ह्या लोकांना बघायला मीच शिकवलंय. आधी कोणी फोटोचा कोपरा बघत नव्हतं.

शुक्र., १४ नोव्हें.
गावी आलो. व्हायचं ते झालं.
जेवायला बसलो होतो. मी, माय, आणि एकाच घरातला चुलतभाऊ गजूदादा. दादाच्या हातात मोबाईल. "काय बे फोटोग्राफर, हे पिवळी बॅग कोनाची? सगळा तालुका शोधून राह्यला." म्हटलं मला काय माहीत. तिथंच थांबायचं होतं. तो म्हणाला, "असन एखादी स्टँडवरची. अशा पोट्ट्या कॅमेरा दिसला का बरोब्बर मधात येतात."
मी ताट सरकवलं. "तोंड सांभाळ दादा. प्रज्ञाबद्दल एक शब्द बोलला तं पाहाजो."
झालं. त्याला नाव माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. मी दिलं.
"प्रज्ञा?" तो म्हणाला. "विहाराजवळची?"
मायनं न विचारता त्याच्या ताटात पुन्हा वरण वाढलं. दादा चिडला नाही. शांतपणे जेवला, हात धुतले, चपला घालून पारावर गेला. दादा ओरडतो तेव्हा कोणी भीत नाही. मागं असाच गप्प गप्प होता आणि भावकीतल्या एका पोराची गाडी जळाली.

शनि., १५ नोव्हें.
आमचं घर गावात शिरतानाच, पाटलांच्या आळीच्या तोंडाशी. प्रज्ञाचं पलीकडं, विहाराला लागून. मधे शाळा. त्या शाळेत आम्ही बारावीपर्यंत एका वर्गात. मग मी मलकापूरला बी.एस्सी.ला, दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलला सरांच्या अंगावर गेलो आणि परत गेलोच नाही. तिनं डिग्री पुरी केली. आता भरतीची परीक्षा, ३० तारखेला, अकोल्याला. तिच्या बाबांनी ही एकच देऊ दिलीय. नाही निघाली की स्थळं बघणार.
माझ्याशी बोलते. दिवाळीत म्हणाली होती, "आधी माही नोकरी. बाकीचं मंग पाहू." ते 'बाकीचं' मी महिनाभर चघळतोय. पेपरला पंधरा दिवस आणि मी हे करून बसलो.
दादा आज दोनदा गाडी घेऊन विहाराकडून फिरून आला. काही केलं नाही. हळू चालवत गेला आणि आला.

सोम., १७ नोव्हें.
प्र. अभ्यासिकेच्या जिन्यात भेटली. तिला सगळं कळलं होतं. जिना चढता चढता बोलली, थांबली नाही.
"तू मले विचारलं होतं?"
मी म्हटलं, तोंड कुठं दिसते तुह्यं.
"पाठ माहीच हाय ना?"
मग वरच्या पायरीवर थांबली. "आता बसमधून उतरली का मी मागं पाहते. आधी नव्हती पाहत. काल घरापुढं गाडी उभी करून तुह्या भावानं आईले पाणी मागतलं. आईनं देल्लं. पेला हातात धरून उभा राह्यला, पाणी पेला नाही. काय समजायचं आम्ही?"
मी म्हटलं, मी त्याचे हातपाय तोडतो.
"तोड," ती म्हणाली. "मंग पेपर कोन देईन माहा?"
वर गेली. मी जिन्यात. एक पोरगं खाली येताना माझ्याकडं आणि मग वर बघून गेलं. आता सगळे असंच बघतात.

मंगळ., १८ नोव्हें.
रविवारचे सगळे फोटो काढून टाकले. मग अख्खं पेजच बंद केलं. पोळ्यापासूनचं गाव गेलं. गेट, भजेवाला, विसर्जनात पाण्यात पडलेला बँडवाला, सगळं. वाटलं आता संपलं.
संध्याकाळी गावच्या ग्रुपवर बसस्टँडचा फोटो आला. स्क्रीनशॉट. तिच्यावर लाल गोल, आणि शेजारी नाव. आडनावासकट. गोल अगदी मी शिकवला तसा, जाड. खाली कुणी लिहिलं, "पेज काऊन बंद केलं बे? म्हणजे खरंच हाय."
गजूदादानं फक्त अंगठा टाकला.

गुरु., २० नोव्हें.
बस आली. ड्रायव्हर उतरला, म्हाताऱ्या उतरल्या, शाळेची पोरं उतरली. ती नाही. कालही नव्हती.
तो फोटो टाकणाऱ्याचं नाव कळलं, गावातलाच. निघालो होतो. मुश्ताकभाईंनी दुकानाच्या पायरीवर कॉलर धरली. गिऱ्हाईक आत, लेकराचा आधारचा फोटो चालू, लेकरू रडतंय. "किधर?" म्हटलं, सांगून येतो त्याला. "तू जाएगा, मारेगा, और सब बोलेंगे, देखो, सच्ची बात थी. बैठ. बच्चे को हँसा."
बसलो. लेकराला खुळखुळा वाजवून दाखवला. ते हसलं.  

शनि., २२ नोव्हें.
आनंद आला. प्र.चा मोठा भाऊ, लाईट फिटिंगची कामं करतो. आत येऊन निळ्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसला. मुश्ताकभाई म्हणाले, "पासपोर्ट या आधार?" तो म्हणाला, "फोटो बहुत झाले भाई. याच्याशी बोलायचं हाय." भाई चहा सांगायला म्हणून बाहेर गेले.
मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो बोलला.
"बाबा म्हणतात पेपर नको, पोट्टी घरात राहू द्या. मी म्हणतो देईन. ते रात्रंदिवस वाचून राह्यली, लाईट गेली तं मोबाईलच्या उजेडात वाचते. पेपरच्या रविवारी सकाळी मी गाडीवर नेतो अकोल्याले. पण गावाबाहेर पडायचा रस्ता एकच, तुह्या घरापुढून. अन् फाट्यावर कोन उभं राहीन, तुले माहीत हाय."
म्हटलं, ठाण्यात जाऊ.
"मी गेलो असतो. बाबा म्हणतात, ठाण्यातून परत गावातच यावं लागते." स्टूल पुढं सरकवलं. "तू एवढंच कर. त्या सकाळी गजूले घराबाहेर पडू देऊ नको. आम्ही फाटा पार होईपर्यंत."
"मी तुमच्या मागं येतो गाडीवर, कोणी आलं तं..."
"तू मागं मागं आला म्हणून तं हे झालं," आनंद म्हणाला. उठला. दारात वळून म्हणाला, "हिरोगिरी करू नको रे बाप्पा. घरात थांब."
घरात थांब. मला येत नाही ती एकच गोष्ट.

बुध., २६ नोव्हें.
रजा घेऊन गावी. मायला वाटलं आजारी आहे.
गजूदादा गोड बोलतोय. आज माझ्यासाठी शेतातून हरभऱ्याची भाजी घेऊन आला. खाटेवर बसून म्हणाला, "रविवारी मोकळा राहाजो. सकाळी फाट्यावर जायचं हाय. दोघं-तिघं येऊन राह्यले."
"कायले?"
"कायले म्हंजे? अभ्यास करणाऱ्याले बेस्ट लक म्हणायले." हसला. "तू कॅमेरा घे. मस्त गोल करून टाकू."
तारीख त्याला कुणी सांगितली? अभ्यासिकेत गावची चार पोरं बसतात. कुणीही. कुणाला विचारणार. सगळेच हसतात, सगळेच विचारतात काय चाललं.


शुक्र., २८ नोव्हें.
मायला सांगायला गेलो. ती शेंगा फोडत होती. "माय, रविवारी गजूदादा..." एवढंच म्हणालो.
"मले सांगू नको," ती म्हणाली. वर बघितलंच नाही. "माहीत पडलं तं मी तुह्या काकाले सांगून बसीन. माह्या तोंडात राहत नाही." शेंगांचा दुसरा ढीग पुढं ओढला. "तुह्याही नाही राहत."
मग म्हणाली, "त्या पोट्टीची आई मले दवाखान्यात भेटली होती मागं. माह्यासाठी नंबर धरून बसली होती."  टरफलं सुपात गोळा करून उठली.
दादाला सांगून पाहिलं, रविवारी वेचणीला बाया येणार, वावरात चल. "वावर कुठं पळून चाललं?" म्हटलं, नांदुऱ्याला फोटोची ऑर्डर आहे, सोबत चल. माझ्याकडं बघत राहिला. आता त्याला संशय आहे. दोन्ही खोटी वापरून झाली.

शनि., २९ नोव्हें.
आनंदचा मेसेज. "उद्या उजाडता." बस.
भांडायचं नाही, असं दिवसभर स्वतःला सांगतोय. मी पहिल्यांदा हात उचलला की दादा जिंकला, गावही त्याच्यामागं उभं राहील. पण दादा पहिल्यांदा बोलला तर? तिच्याबद्दल बोलला तर? मी ओळखतो मला. दादापेक्षा मला माझीच जास्त भीती वाटतेय.

रवि., ३० नोव्हें.
उजाडलं. मोबाईलमधे लिहितोय, ओसरीत उभा.
दादा न्हाणीत. बादलीचा आवाज येतोय, गाणं म्हणतोय. त्याचे दोघं दोस्त बाहेर कडुनिंबाखाली त्यांच्या गाडीवर बसलेत. एकानं विचारलं, "कॅमेरा घेतला का बे?" म्हटलं, हाव, चार्ज होऊन राह्यला. चहा घ्या. मायनं चहा नेऊन दिला, मी न सांगता. कपात इतका भरला की दोघांनाही फुंकत बसावं लागतंय. मग आत येऊन परत पातेलं चढवलं.
दादाच्या गाडीची चावी खुंटीवर होती. माझ्या खिशात आहे.
ह्यानं काही होणार नाही, माहीत आहे. दोस्तांची गाडी आहेच. पण दादा दुसऱ्याच्या मागं बसून जाणारा माणूस नाही. निदान आधी चावी शोधेल. ओसरीचं दार एकच.
रस्त्यानं अजून कुणी गेलं नाही. दुधवाला गेला. एक ट्रॅक्टर. प्रत्येक आवाजाला रस्त्याकडं बघतो. आनंदची गाडी जुनी आहे, सायलेन्सर फुटका, ओळखू येईल. सगळ्यांनाच ओळखू येईल.
गाणं थांबलं. कडी वाजली.
"माही चावी कोनं घेतली बे?"
मी दार अडवून उभा आहे. दूर शाळेकडून गाडीचा आवाज येतोय, तेच असावेत.
म्हटलं, "मी."