लाल न होणारा धातू

तीर्थस्वरूप दादा (बायकोचे दादा ते माझेही दादा),

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? इकडे तुमची बहीण ठणठणीत आहे, मीही धडधाकट आहे, फक्त उजव्या पायाचा अंगठा सोडून.

अंगठ्याचं असं झालं, की आमच्या कारखान्यात गाड्यांचे पोलादी दरवाजे बंद झाले. हलकी गाडी इंधन कमी खाते, म्हणून आता दरवाजे, बॉनेट सगळं अ‍ॅल्युमिनियमचं. सव्वीस वर्षं मी पोलाद जोडलं (डोळे मिटून जोडायचो असं सांगतो, ते खरं नाही, पण लोक मानतात). पहिल्याच दिवशी सवयीनं काटकोन धरायचा चुंबकाचा गुण्या दरवाजाला चिकटवायला गेलो, तो थेट अंगठ्यावर पडला. मग वेल्डिंगला बसलो आणि धातू लाल व्हायची वाट बघत राहिलो. पोलाद बिचारं लाल होऊन सांगतं, बाबा रे, आता आवर. हा पठ्ठ्या शेवटपर्यंत पांढराच राहतो आणि एकाएकी गळून पडतो. तीन दरवाजे, तीन भोकं. शिकवणाऱ्या बाई (आमच्या लेकीच्या वयाच्या) एवढंच म्हणाल्या, "काका, तो लाल होत नाही." हे त्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणे. तेव्हा मी शेजारच्याला पोलादाचे किस्से ऐकवत होतो.

शनिवारी परीक्षा आहे. पाच जोड, एकही गळता कामा नये. नापास झालो तर वेल्डिंग सुटलं, गोदामात खोकी रचायची. मी खोकी रचणार नाही. कामावरून आलो की मागच्या अंगणात अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांवर सराव करतो. आतापर्यंत दोन झाकणं आणि एक पातेलं कामी आलं (पातेल्याचं तुमच्या बहिणीला अजून माहीत नाही). भोकं लहान होत चालली आहेत.

बाकी क्षेम. लोभ आहे तेवढाच जड राहू द्यावा.

तुमचा मेहुणा

ता. क. तुम्ही जन्मभर अ‍ॅल्युमिनियमच्या किटल्यांना तोट्या जोडल्यात, आणि मी आमच्या भर लग्नात तुम्हाला 'किटलीवाले' म्हणालो. धातू किती तापला ते कळावं म्हणून तुम्ही तोटीशेजारी साबणाची रेघ ओढायचात आणि ती काळी पडायची वाट बघायचात, तेव्हा किटलीला आंघोळ घालताय का, असंही विचारलं होतं. चुकलो. शुक्रवारच्या आत या आणि ती रेघ मला शिकवा. साबण आणून ठेवला आहे.

आणखी ता. क. दादा, पाकीट बंद करायला माझ्याकडे आलं म्हणून लिहिते. पातेल्याचं भोक मला सोमवारीच दिसलं. काल यांनी ते बुजवून गुपचूप फडताळात ठेवलं. आज मी त्यात पाणी भरून दुपारपर्यंत ठेवलं, थेंबही गळला नाही. यांना मी सांगितलेलं नाही, नाहीतर हे पत्र फाडून टाकतील. तेवीस वर्षांनी 'चुकलो' म्हणालेत. तू ये.