अर्धे भरलेले कॅन

४ ऑगस्ट

मामांचा डावा डोळा गेला. डॉक्टरांनी आज सरळच सांगितलं. उजव्याचं नुसतंच "बघू".

परवा कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेच्या कोठीत टाकाऊ रसायनांचा कॅन त्यांच्या तोंडावर फुटला. मामा आमचे परिचर. पोरांनी सांडायचं, फोडायचं, उरवायचं, आणि त्यांनी आवरायचं. मी शेजारच्याच खोलीत होते! धावले, नळाखाली डोकं धरलं. व्हायचं ते होऊन गेलं होतं.

५ ऑगस्ट

कॅनमध्ये ॲसिटोन, त्यात गेलं नायट्रिक आम्ल, वर झाकण घट्ट. या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य — दरवर्षी घसा कोरडा करून सांगते. मग ओतलं कुणी?

विभागप्रमुखांनी तासाभरात गुन्हेगार शोधला. पोरं त्यांना 'कात्री' म्हणतात, उगाच नाही म्हणत. त्या दिवशी उरलेलं आम्ल कॅनमध्ये ओतायची पाळी चिमणीची होती. दुसऱ्या वर्षाची मुलगी, बोलली तर कान द्यावा लागतो, म्हणून चिमणी. "मी आम्लाच्याच कॅनमध्ये ओतलं, मॅडम." एवढंच म्हणत राहिली. कात्री म्हणे, समिती बसू दे, नाव कमी करू.

७ ऑगस्ट

डबा रोज तसाच परत आणतेय. हे म्हणाले, "तू कशाला जीव जाळतेस? तू ओतलंस का?"

नाही ओतलं. तरी रडू थांबत नाही.

९ ऑगस्ट

दवाखान्यात गेले. मामांनी बायकोला चहा आणायला पिटाळलं. मग म्हणाले, "बाई, पोरीचा काही दोष नाही. मीच केलं ते."

कचरा नेणारी गाडी भरलेलेच कॅन उचलते. अर्धे तसेच ठेवून जाते. कोठीत पाय ठेवायला जागा नाही, म्हणून मामांनी दोन अर्धे एकात रिकामे केले. कॅनवरच्या चिठ्ठ्या ओल्या होऊन गळून पडलेल्या. ते नेहमी वासावरून ओळखतात. "आणि नेमकी सर्दी, बाई! नाक पार चोंदलेलं." हसले. पट्टीखाली हसणारा माणूस बघवेना मला.

मग हात धरला. स्वतःच्या चुकीने झालं म्हटलं की भरपाई नाही, असं कारकुनाने सांगितलंय त्यांना. "घरी खाणार काय? पण पोरीलाही घालवू नका. तुम्हीच काहीतरी बघा."

मी काय बघू?

१० ऑगस्ट

इकडे आड, तिकडे विहीर. बोलावं तर मामांचं घर उघड्यावर, गप्प बसावं तर पोरीचं शिक्षण संपलं.

चिमणीचे वडील दिवसभर विभागाबाहेर स्टुलावर बसून होते. मी चार वेळा समोरून गेले. एकदाही काही विचारलं नाही त्यांनी. विचारलं असतं तर बरं झालं असतं!

११ ऑगस्ट

समितीपुढे सांगितलं — दोन्ही कॅन एक करायला मामांना मीच सांगितलं होतं. धादांत खोटं. कात्रीने माझ्याकडची कोठीची किल्ली काढून घेतली, उद्यापासून येऊ नका म्हणाले. घरी यांना अजून सांगायचंय.