काल जिना किती वेळा उतरलीस?

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, जेवणही वेळेवर होतं.

मी मुलांना शिकवतो तरी काय, असं तू विचारलंस. धंद्याची कल्पना शोधायची आणि ती कुणाच्या खरंच कामाची आहे का, हे आधी तपासायचं. माझा एकच नियम: "आवडेल का?" असं विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. मागच्या वेळी काय घडलं, ते विचारा.

परवा एका विद्यार्थिनीने मलाच गिऱ्हाईक धरलं. मुलं लांब असलेल्या आईवडिलांकडे दर आठवड्याला विचारपूस करायला माणूस पाठवायचा, ही तिची कल्पना. वही उघडून म्हणाली, "सर, मागच्या वेळी तुमच्या आई आजारी पडल्या, ते तुम्हाला कधी कळलं?"

म्हटलं, "बरी झाल्यावर. शेजारच्या काकूंकडून."

ती खूश होऊन लिहून घेत होती. मला मात्र काही सुधरेना. कल्पनेला चांगली म्हणू, की ती सुचावी लागली हेच वाईट म्हणू? गुण द्यायचे अजून राहिलेत.

काकूंवर रागावू नकोस हं. गुडघा कसा आहे, हे आता विचारत नाही. तू "बरा आहे" म्हणणार. काल जिना किती वेळा उतरलीस, तेवढं लिही.

तुझा,
धाकटा