मागचा लाल दिवा

प्रिय निखिल,

फोनवर लिहिलं असतं तर अर्धंच वाचलं असतंस, म्हणून पोस्टानं पाठवते आहे. मी आणि अण्णा जालन्याला सुखरूप पोचलो. तू विचारलं नव्हतंस, तरी सांगते.

अण्णांना तुमच्या हैदराबादचं रेल्वे म्युझियम दाखवायचं, ही तुझीच हौस. तुझ्या घरी सासरचे पाहुणे होते, म्हणून बापाची भेटही तू तिथंच ठरवलीस. मी धपाटे बांधले, तुझे कमी तिखटाचे वेगळे, आणि या वयात त्यांना रात्रभर गाडीत बसवून आणलं. गेटवर तू नव्हतास. तासाभरात येतो म्हणालास आणि मग फोन उचलणंच बंद केलंस.

म्युझियम छान आहे रे. आपल्या छोट्या लाइनची गाडी तिथं रंगवून, पितळ घासूनपुसून उभी केली आहे. अण्णांनी इंजिनाला हात लावला तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला, की घटकाभर मी तुझ्यावरचा राग विसरले. हल्ली सकाळी काय खाल्लं ते त्यांना आठवत नाही, पण रेल्वेतली पॉइंट्समनची, रुळांचे सांधे बदलायची ड्युटी बराबर आठवते. गाडीच्या कडेकडेनं चालत ते शेवटच्या डब्यामागं गेले आणि थांबले. तिथं लाल दिवा नव्हता. रेल्वेचा नियमच तो, मागचा दिवा दिसला तरच गाडी पूर्ण आली. नाहीतर एखादा डबा मागं रुळावर सुटलाय असं धरायचं आणि पुढची गाडी सोडायची नाही. हाच नियम त्यांनी घरातही चालवला होता, आठवतं? तू क्लासवरून आल्याशिवाय कुणाला ताट नाही. तू चौकात गप्पा झोडायचास आणि मी भुकेली ताटकळायचे.

"एक डबा मागं राह्यला, पोरी," अण्णा म्हणाले. "निखिल आला न्हाई."

ऊन चढलं. लोक त्यांना बाजूला सरकवून फोटो काढत होते. गोळ्यांची वेळ टळली, तरी ते हलेनात. मीही वेड्यासारखी गेटाकडे बघत उभी होते. मग तुझा मेसेज आला, मीटिंगमध्ये अडकलोय, तुम्ही बघून घ्या. माझं डोकंच फिरलं.

"अण्णा, आपली गाडी एवढीच हाय," मी म्हणाले. "मागं कुणी न्हाई."

मग गाडी सोडताना झेंडी दाखवतात तसा हात वर करून त्यांनी खाली घेतला आणि बाकावर येऊन बसले. पोटभर जेवले. तुझे धपाटेही आम्हीच खाल्ले.

तेव्हापासून त्यांनी तुझं नाव काढलेलं नाही. आधी रोज संध्याकाळी घराच्या फाटकात उभे राहायचे, निखिल आला का विचारायचे, ताट थंड व्हायचं. आता दिवेलागणीला गुपचूप जेवतात. मला घास उतरत नाही, पण माझं मी बघेन.

काल तुझा निरोप आला. दिवाळीत सगळ्यांना घेऊन दोन दिवस येतोस, अण्णांबरोबर फोटो काढायचेत. त्याचंच हे उत्तर. येऊ नकोस. दोन दिवसांनी तू निघून जाशील आणि ते पुन्हा फाटकात उभे राहतील. त्यांच्याजवळ राहायला येणार असशील तर विचारूही नकोस, सरळ ये. नाहीतर आमची गाडी पूर्ण आलेली आहे.

तुझीच, अजून तरी,
उमाताई