मास्तरांचा दोर

सोम. १० जाने. १९३८, धसई
मुरबाडच्या बांधकाम वर्गातल्या आम्हा पोरांना शिकायला ओढ्यावरचा नवा पूल दिलाय. आज शहापूरहून नवे मास्तर आले. विटा-चुन्याचं नावच नाही. एकेकाची कंबर दोरीने मोजली, वजन विचारलं. घरी भाऊ किती, तेही. भाऊ कशाला? माणूस काही पटला नाही.

मंगळ. ११
आईला कंबर मोजल्याचं सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नाही. म्हणाली, "पुलाला बळी लागतो रे. त्यो मानूस हेरून ठेवतोय. त्यानं दोर दिला तर कमरेला बांदू नको." मी हसलो. सातवीची फायनल पास ना मी! पण भावांचं विचारलं ते तिला सांगितलं नाही.

गुरु. १३
परांचीवर चढायचा धडा. आधी बांबूच्या गाठी ओढून बघायच्या, मगच पाय. दोराचं एक टोक आपल्या कमरेला, वरच्या वाशाला वेढा, दुसरं टोक खाली मास्तरांच्या हातात. "घसरलात तर मी धरीन," म्हणतात. धरतील, की... बोकडालाही दोरानेच नेतात.
शेजारचा नामा कानात म्हणाला, "मी नाय बांदनार."

शनि. १५
नामा पडला. वर जाऊन गुपचूप गाठ सोडली होती त्याने. पाय मोडला, दगडांवर रक्तच रक्त. मास्तर सगळ्यांच्या आधी धावले, धोतर फाडून पाय बांधला. रडत होते. मला ते रडणंही खरं वाटेना.

सोम. १७
गाव खूश. पुलाला रक्त मिळालं, आता भ्या नाय! पोरांनी दोर टाकून दिले. मास्तर हात जोडतात, कोण ऐकतो.
मला चैन नाही. नामा तर जिवंत आहे. मग बळी झाला कुठे?
शेवटी विचारलंच, भावांची चौकशी कशाला? म्हणाले, "मला एकच होता. परांचीवरून गेला." खरं असेल. रचलेलंही असेल.

मंगळ. १८
उद्या वर चढायची माझी पाळी. भीती वाटते, इथे तरी खरं लिहितो. दोराचीही वाटते, बिनदोराचीही.
आईला विचारलं, काय करू? तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "बांद दोर. पन दुसरं टोक त्या मास्तराच्या हाती नाय. मी धरनार."
सकाळी माझ्याबरोबरच निघायचं म्हणते. मास्तरांना अजून सांगितलेलं नाही.